नऊ की अकरा

चष्म्याच्या दुकानातल्या बाईला अख्खा रस्ता ताई म्हणायचा. शाळेतली पोरंपोरी ताई म्हणायची, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले ऑपरेटरकाका ताई म्हणायचे, आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही नावानं हाक न मारणारा दुकानाचा मालकसुद्धा ताईच म्हणायचा. म्हणत नव्हता तो एकच माणूस, ज्याची ती खरोखरची ताई होती.

दुकानाच्या दाराला लागून भिंतीवर एक काळा फळा होता. मालकानं तो ‘नजर तपासून मिळेल’ एवढं लिहिण्यापुरता लावला होता. ताईनं त्या ओळीखाली रोज सिनेमाचा एक प्रश्न लिहायला सुरुवात केली, तेव्हा मालकाच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण प्रश्न वाचायला थांबलेली माणसं डोळे बारीक करतात, आणि डोळे बारीक करणारा माणूस म्हणजे आज ना उद्या आपलं गिऱ्हाईक, हे ध्यानात आलं आणि आठ्या आपोआप मिटल्या. फळ्याखालच्या फळीवर खडू आणि पुसणं कायमचं ठेवलेलं असायचं, उत्तर येणाऱ्यानं खुशाल लिहावं म्हणून.

दुपारी गर्दी नसली की आतल्या बाकावर बैठक बसायची. बैठक म्हणजे माणसं दोन. एक ऑपरेटरकाका, ज्यांनी एकतीस वर्षं एकाच थिएटरात यंत्रावर सिनेमे चालवले आणि थिएटराला कुलूप लागल्यापासून ज्यांना दुपारी नक्की कुठे बसावं तेच कळेनासं झालं होतं. दुसऱ्या शेजारच्या शिंपीणबाई. त्या नटाला त्याच्या खांद्यांवरून ओळखायच्या. सगळं जग ज्याच्यावर लट्टू होतं त्या देखण्या नटाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: त्याला कोट शोभत नाही, कोटाला तो शोभतो. काकांची फूटपट्टी वेगळी होती. ज्याच्या प्रसंगाला थिएटरात कुणी खोकत नाही तो नट, आणि ज्याच्या भाषणाला अख्ख्या थिएटरला एकदम खोकल्याची उबळ येते तो पुढारी व्हायच्या लायकीचा. ताई यंत्रावर काच घासत, कुणाच्या चष्म्याच्या काड्या वाकवत, नाकावरच्या गाद्या बदलत दोघांच्या मध्ये पंच म्हणून बसायची. नियम एकच होता. कुणी काहीही ठोकून दिलं की बाकीच्यांनी म्हणायचं, ‘पुरावा?’ पुरावा नसेल तर तोंड मिटून पुढच्या विषयाकडे जायचं.

हा नियम खरं तर बैठकीचा नव्हताच. तो ताईच्या घरातून आला होता.

ताईच्या घरी आई, ताई आणि धाकटा भाऊ असे तिघं, आणि तिघंही सिनेमाच्या बाबतीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. आई चुलीशी उभं राहून संवाद म्हणायची. ताई गाण्यातले कपडे किती वेळा बदलले ते सांगायची. आणि भाऊ दोघींच्या चुका काढायचा. आठ वर्षांचा असल्यापासून काढायचा. ‘चार नाही, पाच कपडे. पाचवा पाठमोरा आहे.’ म्हणून आईनं त्याचं नाव ठेवलं होतं खोडरबर. चूक दिसली की हा कासावीस व्हायचा आणि ती खोडेपर्यंत त्याला घास गिळवत नसे. मोठा झाल्यावर त्याला नोकरीही जन्मपत्रिका जुळावी तशी मिळाली, बसच्या वेळापत्रकाच्या कचेरीत. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता, हे तो ठरवायचा, आणि मिनिटाला मिनिट.

आईचा सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे जिन्याचा. त्याला नाव होतं, पण घरात सगळे जिन्याचाच म्हणायचे. त्यात मान कायम तिरकी ठेवणारा तो नट, ज्याला आई कौतुकानं तिरक्या म्हणायची, शेवटी हातात पत्र घेऊन जिना उतरतो. खाली ती उभी असते. तो एक शब्द बोलत नाही. नुसता उतरतो, आणि उतरता उतरताच कळतं की हा नकार द्यायला येतोय. आईनं तो सिनेमा लग्नाआधी सात वेळा थिएटरात पाहिला होता, सातही वेळा पहिल्या रांगेत, कारण तेवढंच तिकीट परवडायचं. ती म्हणायची, अकरा पायऱ्या उतरतो. पहिल्या पाच माणसासारखा उतरतो, पुढच्या चार चोरासारखा, आणि शेवटच्या दोन म्हाताऱ्यासारखा. त्या दोन पायऱ्यांत तिरक्या म्हातारा होतो पोरांनो, तेवढ्यासाठी मी सात वेळा गेले.

तीन वर्षांपूर्वी आई शेवटच्या आजारात होती. एका दुपारी दवाखान्यातल्या भिंतीवरच्या टीव्हीवर नेमका जिन्याचा लागला. आईनं दोघांना हात धरून गप्प बसवलं. तिरक्या उतरू लागला तशी ती पुटपुटत मोजू लागली. नऊ झाले आणि प्रसंग संपला. आईचे ओठ मात्र हलतच राहिले, दहा, अकरा.

‘नऊ, आई,’ खोडरबर म्हणाला.

आई जन्मात कधी हार मानणारी बाई नव्हती. चार आणि पाच कपड्यांवरून ती आठवडाभर अबोला धरायची. तिनं त्याच्याकडे बघितलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, ‘बरं बाबा. नऊ.’

तिसऱ्या दिवशी ती गेली.

ताईला ते ‘बरं बाबा’ सहन झालं नाही. सगळं आटोपल्यावर घराच्या दारात उभं राहून ती भावाला नाही नाही ते बोलली. जाताना तिला चूक ठरवून पाठवलंस, तेवढं केल्याशिवाय तुला चैन पडलं नाही, दोन पायऱ्या जास्त झाल्या असत्या तर तुझ्या बापाचं काय जात होतं, असं सगळं. बाप दोघांचा एकच, हे रागात लक्षात राहत नाही. आणि शेवटी ती म्हणाली, ‘पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.’

दुसऱ्या कुठल्याही भावानं असल्या वाक्याची चार दिवसांत चटणी केली असती. बहिणीच्या तोंडून आलेला शब्द, तो काय धरायचा असतो. पण हा खोडरबर. जे बोललं गेलं ते अक्षरशः तसंच धरायचं, काना नाही की मात्रा नाही, अशी ज्याची जन्मभराची सवय, त्याच्यासाठी ते वाक्य काळ्या दगडावरची रेघ झालं. त्यानं दुसरीकडे खोली घेतली आणि पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आईच्या कपाटाची किल्ली द्यायची होती तर ती फाटकाला दोऱ्यानं बांधून गेला. ताईनंही फोन केला नाही. आधी राग होता म्हणून, आणि मग राग संपला तेव्हा काय बोलावं ते कळेना म्हणून. बोलायला जावं तर दोघांना येत होतं एकच बोलणं, सिनेमाचं, आणि तेच नासलं होतं.

एक मात्र झालं. दुकानावरून नऊ एक्केचाळीसला एक बस जायची, आणि त्या बसच्या मागून तिसऱ्या खिडकीत तो बसलेला असायचा. कचेरीला जायची त्याची तीच वाट, आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर परतायचीही तीच. बस समोरच्या थांब्यावर थांबायची, चार माणसं चढायची, आणि तेवढा वेळ तो खिडकीतून इकडे बघायचा. ताईकडे नाही. फळ्याकडे. म्हणून तर फळ्यावरची अक्षरं रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील एवढी मोठी होती. मालकाला वाटायचं फळा गिऱ्हाइकांसाठी आहे. बैठकीला वाटायचं आपल्यासाठी आहे. आणि रोज नऊ चाळीसला ताई हातातलं काम टाकून काच पुसायला दारात यायची, कितीही स्वच्छ असली तरी.

अडीच वर्षं तिनं फळ्यावर एकाहून एक अवघड प्रश्न लिहिले. तो वाचायचा, बस सुटायची. आणि मग एका सकाळी, काच पुसता पुसता, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण किती खुळ्या. बरोबर लिहिलेल्या गोष्टीशी खोडरबराचं काय काम?

दुसऱ्या दिवसापासून ताई चुकू लागली.

आधी तिनं एका गाण्याचं साल दोन वर्षांनी पुढे ढकललं. शाळेतल्या एका पोरीनं दहा मिनिटांत दुरुस्त केलं. मग एका नटीला दुसरीच्याच सिनेमात घातलं. ते भाजीवालीनं खोडलं आणि वर ‘ताई, जेवलात ना?’ असंही लिहून ठेवलं. बसच्या खिडकीतला चेहरा हलला नाही. बैठकीत मात्र चुळबुळ सुरू झाली. शिंपीणबाई म्हणाल्या, काम जास्त होतंय तुम्हाला, दोन दिवस रजा घ्या. ताईनं आणखी मोठी चूक करायची ठरवली आणि घाईघाईत काकांच्याच थिएटरात कुठला सिनेमा पंचवीस आठवडे चालला ते चुकीचं लिहिलं. ती चूक काकांना झोंबली. पंचवीस आठवडे त्यांनी स्वतःच्या हातानं ती रिळं चढवली होती. ते फळ्यासमोर उभे राहिले, टोपी नीट केली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. काका नाहीत तर भांडायला कोण, म्हणून शिंपीणबाईही आपल्या मशीनवरच बसू लागल्या.

तेलही गेलं, तूपही गेलं, अशी ताईची गत झाली. रिकाम्या दुकानात दुपारी तीन वाजता घड्याळाचा आवाज किती मोठा असतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. तिनं तो वरून खाली वाचला, मग खालून वर. वरून खाली आठ ओळी. जिना असा असतो, तिच्या मनात आलं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं फळा पुसला आणि प्रश्न न लिहिता नुसतं एक वाक्य लिहिलं. ‘जिन्याच्या सिनेमात तो अकरा पायऱ्या उतरतो.’

सकाळी नऊला ती आली तर ‘अकरा’ नव्हतं. पुसण्यानं नीट, कोपऱ्यांसकट पुसलेलं होतं, आणि त्या जागी लिहिलं होतं, ‘नऊ’. ‘न’चा दांडा फूटपट्टीनं ओढल्यासारखा सरळ. शाळेत असताना ताईच्या गृहपाठाच्या वहीत खोडरबराचे असले सरळ दांडे शेकड्यांनी पडले होते. म्हणजे तो तिच्याही आधी आला होता. फुटपाथवर उभा राहिला होता. दारात नाही, दाराशेजारी. शब्द मोडला नव्हता त्यानं, शब्दाच्या कडेनं चालला होता.

ताईनं त्या दिवशी फळ्याला हात लावला नाही. मालकालाही लावू दिला नाही.

दुपारी काका आले. रुसवा गेला म्हणून नाही, तर रस्त्यावरून जाताना ‘नऊ’ वाचलं म्हणून. एकतीस वर्षं यंत्रावर बसलेल्या माणसाला तेवढं सोसणं शक्यच नव्हतं.

‘कुठल्या गाढवानं नऊ केलं हे?’ ते दारातूनच म्हणाले.

‘माझ्या भावानं,’ ताई म्हणाली.

काका बाकावर बसले. ताईला भाऊ आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. ताईनं मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, दवाखाना, ‘बरं बाबा’, फाटकाला बांधलेली किल्ली, आणि मुद्दाम केलेल्या चुकासुद्धा. काका मध्ये एकदाही खोकले नाहीत. संपल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे माझे पंचवीस आठवडे तुला बसमधल्या माणसासाठी खर्ची घालावेसे वाटले.’ ताईनं मान खाली घातली. ‘बरं केलंस,’ काका म्हणाले. ‘त्यांचा दुसरा उपयोग तरी काय होता.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. पडद्यावर चित्र पुरं दिसतं. जुनं चित्र आताच्या रुंद टीव्हीवर दाखवायचं तर ते त्या चौकटीत बसत नाही, मग कडेनं कापतात, वरून, खालून, जसं जमेल तसं. जिन्याच्या सिनेमात खालच्या दोन पायऱ्या कापल्या गेल्या. टीव्हीवर बघणाऱ्याला नऊच दिसणार. थिएटरात बघणाऱ्याला अकरा.

‘पुरावा?’ ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

काकांना राग आला नाही, उलट याचीच वाट बघत असल्यासारखे ते उठले, घरी गेले आणि अर्ध्या तासात एक पत्र्याची डबी घेऊन आले. फिल्म तुटली की ऑपरेटर ती जोडायचे, आणि जोडताना दोन-चार चित्रांचा तुकडा कापावा लागायचा. असे एकतीस वर्षांचे तुकडे डबीत होते. जिन्याचा तुकडा करंगळीएवढा निघाला. ताईनं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळ्याला भिंग लावलं. तिरक्या जिन्याच्या अगदी मध्यावर होता, मान तिरकी, हातात पत्र. वरपासून खालपर्यंत अख्खा जिना. तिनं मोजलं. पुन्हा मोजलं. भिंग ओलं झालं ते पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

अकरा.

आई चुकली नव्हती. तोही चुकला नव्हता. तिनं पाहिला होता तो जिना वेगळा, आणि यानं पाहिला तो वेगळा.

ताईनं फळ्यावर लिहिलं, ‘अकरा. पुरावा दुकानात आहे.’ आता कसा येत नाही ते बघते, असं ती शिंपीणबाईंना म्हणालीसुद्धा. सकाळी नऊ एक्केचाळीसला बस आली. तिसऱ्या खिडकीतला चेहरा पहिल्यांदाच काचेला चिकटला. बस सुटली. दुसऱ्या दिवशीही तो तसाच चिकटला, तसाच गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं खिडकीवर हात ठेवला होता. पण उतरला नाही.

शिंपीणबाई म्हणाल्या, हट्टी आहे तुमचा भाऊ. ताई म्हणाली, हट्टी नाहीये हो. आणि बोलता बोलता थांबली. पुरावा दुकानात आहे, असं तिनं लिहिलं होतं. दुकानात म्हणजे आत. आत यायचं तर मध्ये दार येतं, आणि ते रोज ताईच उघडते. चूक तो करत नव्हता. एक चूक अजून तशीच उभी होती, न खोडलेली, आणि ती फळ्यावर कुणी कधी लिहिलीच नव्हती.

संध्याकाळी तिनं फळा ओल्या फडक्यानं काळाकुळकुळीत केला. मालकाची ‘नजर तपासून मिळेल’ ही ओळसुद्धा गेली, जाऊ दे म्हणाली. मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘दुरुस्ती. तीन वर्षांपूर्वी घराच्या दारात म्हटलेलं वाक्य: पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. हे वाक्य चूक आहे. खोडावे.’

पुसणं झटकून फळीवर ठेवलं, आणि घरी गेली.

सकाळी आली तेव्हा फळा कोरा होता. ‘दुरुस्ती’सुद्धा नव्हतं. एवढं स्वच्छ फक्त एकच माणूस पुसतो. तिनं रस्त्यावर इकडेतिकडे बघितलं. कुणी नाही. म्हणजे पुन्हा आला आणि पुन्हा गेला. वाक्य खोडलं, काम झालं, कचेरीला गेला. ताईनं कुलूप काढलं, दिवे लावले, यंत्र सुरू केलं आणि एका आजोबांची काच घासायला घेतली. ती तिरकी घासली गेली. दुसरी घेतली.

नऊ चौतीसला दारात सावली पडली. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. केस पुढून विरळ झाले होते. बसच्या खिडकीतून ते दिसलं नव्हतं.

‘पुरावा?’ तो म्हणाला.

तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द. ताईनं डबी आणि भिंग उंबऱ्यावरून त्याच्या हातात दिलं. त्यानं तुकडा उजेडाकडे धरला. ओठ हलत होते. डोळे एकदा खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली. नवव्या पायरीपाशी तो दोन्ही वेळा थांबला. काका त्या दिवशी नेमके सकाळीच येत होते, ते रस्त्याच्या पलीकडेच थांबले आणि शिंपीणबाईंच्या दाराशी जाऊन उगाच बटणं बघू लागले.

‘अकरा,’ तो म्हणाला. आणि मग, ‘आता कुणाला सांगायचं.’

दोघांमध्ये उंबरा होता, आणि कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं तुकडा डबीत ठेवला, झाकण नीट लावलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं.

‘निघतो. नऊ छत्तीसची गाडी आहे.’

‘नऊ एक्केचाळीस,’ ताई म्हणाली.

‘छत्तीस. ते वेळापत्रक मी केलंय.’

‘कागदावर असेल छत्तीस. रस्त्यावर एक्केचाळीसला येते.’

त्याच्या कपाळावर ती जुनी शीर उभी राहिली, चूक दिसल्यावरची. ‘पुरावा?’

‘तीन वर्षं रोज बघतेय,’ ताई म्हणाली. ‘मागून तिसरी खिडकी.’

तो वळून रस्त्याकडे बघत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात छत्तीस झाले. रस्ता रिकामाच होता.

‘मग पाच मिनिटं आहेत, ताई,’ तो म्हणाला, आणि आत आला.